खुंटीवरचं दावं

परवा गच्चीवर वाळत घातलेला माझा टॉवेल उडून शेजारच्या व्हिलाच्या अंगणात पडला, तेव्हा कळलं की वारं फिरलं. दोहाच्या कडेला, आमच्या मुऐदरमध्ये हिवाळा असाच येतो, ह्याच्या वस्तू त्याच्या दारात टाकत. उत्तरेकडून कोरडं वारं सुटतं, सकाळी गाडीच्या काचा दमट असतात, आणि पाच महिने एसीपुढे बसून काढलेली माणसं खुर्च्या घेऊन बाहेर येतात. सगळ्यांना बरं वाटतं. मला मात्र वारं फिरलं की दाजी आठवतात, आणि दाजी आठवले की माझे दात एकमेकांवर घट्ट बसतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले सर. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन, शेणाला हात लावायचा म्हणजे आधी बाही दुमडायची आणि मग दुसऱ्या कुणाला तरी हाक मारायची. रोज सकाळी ते घरच्या ग्रुपवर एक सुविचार टाकतात. सत्य, सचोटी, परोपकार, आलटून पालटून. मी रोज त्याला हात जोडलेलं चित्र पाठवतो. बहिणीचा नवरा आहे, दुसरं काय पाठवणार?

मला आठवतो तो हिवाळा फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या आदल्या वर्षीचा. समुद्रकाठच्या कॉर्निशवर उलटे दिवस मोजणारं घड्याळ लागलं होतं आणि सगळं दोहा उकरून ठेवलेलं. सकाळी ज्या रस्त्यानं अबू हमूरच्या जनावरांच्या बाजाराला जावं, तो दुपारी जागेवर असेल याची खात्री नाही. नारिंगी पिंपं, पिवळे बाण, डायव्हर्जन. एकदा मेंढ्यांनी भरलेली पिकअप घेऊन मी एकाच चौकाला चार फेऱ्या मारल्या. पोलिसानं काच खाली करायला लावली आणि विचारलं, मेंढ्यांना शहर दाखवतोयस का. मी म्हटलं, हो, त्यांची शेवटचीच फेरी आहे. तो हसला नाही.

मी जनावरांचा ठेकेदार. परवाना कफीलच्या, म्हणजे इथल्या अरब मालकाच्या नावावर, घाम माझा. ईदला मेंढ्या, कुणाच्या लग्नाला उंटाचं पिल्लू, कुणाच्या फार्मला दुभत्या शेळ्या. त्या वर्षी मात्र हाती मोठं काम आलं होतं. पुढच्या वर्षी येणाऱ्या पाहुण्यांना पाठीवर बसवायला आणि फोटो काढायला चाळीस शांत उंट हवे होते. अट एकच, गर्दीच्या आवाजाला ते बुजता कामा नयेत. मुऐदरच्या पलीकडे वाळूत माझा गोठा आहे, इथली माणसं त्याला इज्बा म्हणतात. तिथं मी खांबाला मोठा स्पीकर बांधला आणि रोज दुपारी त्यावर फुटबॉलच्या मैदानातला गोंगाट लावायला लागलो. उंटांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मग एक दिवस मी माझ्याकडचं जुनं रेकॉर्डिंग लावलं, गावच्या घाटाचं. त्या आवाजाला चाळीसच्या चाळीस माना एकदम वर झाल्या. उस्मान, माझा सुदानी उंटवाला, मला मुदीर म्हणजे साहेब म्हणतो. हातातली बादली ठेवून म्हणाला, "मुदीर, ही कुठली लढाई आहे?"

लढाईच होती ती. आमच्या जुन्नर-खेडकडे बैलगाडा घाटात पळतो. घाट म्हणजे चढाचा धावपट्टा, दोन्हीकडे माणसांच्या भिंती. चार बैल, गाड्यावर माणूस नाही, आणि सगळ्यांच्या पुढे एक घोडी. त्या घोडीवर मी बसायचो. रुमाल पडला की निवेदक भिर्रर्र म्हणून आरोळी ठोकायचा आणि मागून चार बैलांचे खूर यायला लागायचे. त्या काही सेकंदांत मागं वळून पाहायचं नसतं. घोडी अडखळली तर खाली पडणारा मी, आणि वरून जाणारे माझ्याच घरचे बैल. गळ्याजवळचं हाड दोनदा मोडलं. दोन्ही वेळा हात गळ्यात अडकवून पुढच्या यात्रेला हजर होतो, आणि एवढं सुख मला पुन्हा कशात मिळालं नाही.

इथं शहानियाला उंटांच्या शर्यती होतात. उंटाच्या पाठीवर एक छोटी पेटी असते, तिला चाबूक असतो, आणि मालक शेजारच्या रस्त्यानं गाडी पळवत रिमोटनं तो चाबूक फिरवतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. मग गाडीत बसल्यावर हसू गेलं. कोर्टातून आमच्या शर्यतींवर बंदी आली तेव्हा मला काढून माझ्या जागी पेटीसुद्धा कुणी बसवली नव्हती. घोडी नवरदेव मिरवायला गेली आणि मी कतारला आलो.

मागं ठेवला तो पाखऱ्या. पुढच्या जोडीतला डावा, खांद्यावर करडे पंख असल्यासारखे ठिपके, आणि स्वभावानं माझ्यासारखा. मी आणि ताई सोडून कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही. दाजींना एकदा त्यानं शिंगानं असा काही प्रसाद दिला होता की ते आठवडाभर शाळेत उभ्यानं शिकवत होते. म्हणूनच तो मी ताईच्या दावणीला बांधला आणि विमानात बसलो. बंदी उठेल, मी परत येईन, हे मी त्याच्या कानात सांगितलं होतं. माणसं हसतील, पण सांगितलं होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात दाजींचा फोन आला. "किसनराव, ईश्वरेच्छा. पाखऱ्या गेला. बांधाला पुरलाय, वर चिंचेचं रोप लावलंय." मी तेव्हा पिकअपमधून गवताच्या गासड्या उतरवत होतो. गाडीच्या मागं जाऊन बसलो आणि बाप गेल्यावर रडलो नव्हतो तेवढा रडलो. उस्माननं काही न विचारता पाण्याची बाटली आणून ठेवली.

आता दाव्याची गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. घेणाऱ्यानं त्याचं दावं आणायचं, आपलं आपण काढून घ्यायचं. दावं गेलं की गोठ्याची लक्ष्मी त्याच्यामागून चालत जाते. आणि जनावर दावणीला मेलं, तर दावं त्याच्या गळ्यातच राहू द्यायचं, त्याच्यासकट मातीत. मी हे इथंही सोडलं नाही. अबू हमूरला मेंढी विकली की गळ्यातली दोरी मी सोडून घेतो. गिऱ्हाईक हसतं, म्हणतं, ए हिंदी, हिंदुस्थानी माणसाला इथं हीच हाक, दोरीत सोनं आहे का? माझ्या ऑफिसच्या भिंतीवर दोऱ्यांचा एवढा मोठा झुबका लटकलेला आहे. एकदा इज्बावर उंटीण मेली, तर चांगलं नवंकोरं दावं मी तिच्याबरोबर खड्ड्यात जाऊ दिलं. उस्मान माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, खलास, विचारू नकोस.

आणि मग एका दिवाळीला ताईचा व्हिडिओ कॉल आला. फराळ झाला, पणत्या झाल्या, सून बोलली. दाजी बाहेर निघाले होते, त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला. सदऱ्याखाली दावं होतं. काळ्या-तांबड्या लोकरीचा पेड घातलेलं, टोकाला घोडीच्या खोगिराच्या तंगाचं जुनं कडं. तो पेड मी घातला होता, माझ्या हातानं, दोन रविवार खर्चून. ताईचा फोन त्या खुंटीसमोर बराच वेळ तसाच राहिला. मला वाटलं, तिला बंद करता येत नसेल.

मेलेल्या बैलाचं दावं घरात राहत नाही. म्हणजे पाखऱ्या मेला नव्हता, विकला होता. घाट बंद असताना शर्यतीचा बैल कोण घेणार? नांगराला तो चालत नाही, माणसाला अंगाला हात लावू देत नाही. असा बैल ज्या टेम्पोत चढतो तो टेम्पो कुठं जातो हे मला शिकवायला नको, मी असेच टेम्पो भरून पोट भरतो. कुणी म्हणेल, मग तू कुठला संत? नाहीच. मी मेंढ्या सुरीकडेच पाठवतो. पण मेंढीला तू घरची आहेस असं मी कधी सांगितलेलं नाही, आणि तिच्या नावानं झाडही लावलेलं नाही.

त्या दिवसापासून माझं एकच मागणं होतं. दाजींनी स्वतःच्या तोंडानं म्हणावं, ताईसमोर म्हणावं, की मी विकला. फोनवर भांडता येत नव्हतं, बहिणीचं घर, तिच्या अन्नात माती कशी कालवायची? म्हणून मी मनातल्या मनात सूड घ्यायचो. जुलैच्या दुपारी दाजी अबू हमूरच्या बाजारात मेंढ्यांच्या मधोमध उभे आहेत आणि त्यांचा पांढरा सदरा कुणी कुणी हात पुसायला वापरतंय, हा माझा आवडता. दुसरा, उंट उठताना पाठीवरच्या माणसाला जो हिसका बसतो त्यातला. वर्षानुवर्षं मी हे रवंथ करत होतो.

आणि त्या हिवाळ्यात दाजी चालत माझ्या दारात आले. भाचा ओंकार स्टेडियमच्या कामावर इंजिनिअर, कॉन्ट्रॅक्टवर आलेला, अल अझीझियाला फ्लॅट. त्यानं आई-वडिलांना व्हिजिटवर बोलावलं. मी विमानतळावर गेलो, दाजींच्या पाया पडलो आणि बॅग उचलली. दाजी म्हणाले, "किसनराव, बारीक झालात." मी म्हटलं, "तुमचीच काळजी, दाजी."

तीन आठवडे मी त्यांना फिरवलं. मॉल दाखवले, समुद्र दाखवला, करक चहा पाजला. वाट बघत होतो, कशाची ते मलाही ठाऊक नव्हतं. मग एका गुरुवारी दुपारी गावाकडून फोनवर फोन यायला लागले. बंदी उठली होती. घाट उघडले. ओंकारच्या फ्लॅटवर सगळे जमले, सुनेनं शिरा केला, गावाकडची पोरं गुलाल उधळतानाचे व्हिडिओ पाठवत होती. मी सोफ्यावर बसून होतो. घाट उघडला होता आणि माझा बैल नव्हता. म्हातारा झाला असता, पळाला नसता, पण घाटाच्या कडेला झूल घालून उभा केला असता की मी. माणसांनी ओळखला असता. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दाजींनी समोरच्या खुर्चीत बसून ग्रुपवर टाकलं होतं, सत्याचा विजय उशिरा होतो, पण होतो. मी त्या दिवशी हात जोडलेलं चित्र पाठवलं नाही. म्हटलं, "दाजी, उद्या शुक्रवार. चला, माझे उंट बघायला."

शुक्रवारी जेवणं आटोपून निघालो. दाजी, ताई आणि मी. ऊन सौम्य होतं, वारं वाळू उचलण्याइतकंही नव्हतं. उस्माननं सतरंजी घातली, चहा ठेवला, दाजींना उंटिणीचं दूध दिलं. त्यांनी नाकाला रुमाल लावून एक घोट घेतला आणि पेला हळूच सतरंजीच्या कडेला ठेवला. मी उठलो आणि स्पीकर लावला.

आधी नुसता गलका. मग निवेदकाचा घसा फाटलेला आवाज, गाडामालकांची नावं, आणि मग, पुढच्या जोडीला किसनचा पाखऱ्या, बघा मंडळी, पाखऱ्या आला, भिर्रर्र. उंटांनी माना वर केल्या. मी दाजींकडे बघत होतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आवाज जरा कमी करा, किसनराव. जनावरं बिथरतील."

"जनावरांना सवय आहे, दाजी."

रेकॉर्डिंग संपलं की मी पुन्हा पहिल्यापासून लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा दाजींच्या कपाळावर घाम होता, डिसेंबरात. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी समोर उकिडवा बसलो आणि इतक्या वर्षांत घोकून ठेवलेला प्रश्न अगदी साध्या आवाजात विचारला. "दाजी, पाखऱ्याला मातीत दिलं तेव्हा दावं गळ्यातच होतं ना? मी स्वतः पेड घातला होता, म्हणून विचारतो."

दाजींची कपबशी हातात राहिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, ताईकडे बघितलं. आता बोलतील, मला वाटलं. ओठ हललेसुद्धा.

"होतं ना," ताई म्हणाली. "गळ्यातच होतं. ह्यांनीच माती लोटली. मी समोर उभी होते." आणि किटली उचलून तिनं दाजींच्या अर्ध्या कपात चहा ओतला, काठापर्यंत.

माझ्या डोक्यात घण पडला. सख्खी बहीण, आणि ह्या माणसासाठी माझ्या तोंडावर खोटं बोलते? मी काही बोलणार तेवढ्यात ती उठली, गुडघ्यावर हात टेकवून. "किसना, ती काळी उंटीण दाखव मला. ह्यांना बसू दे हितंच."

आम्ही कुंपणाच्या पार टोकाला गेलो. ताईनं उंटिणीच्या मानेवरून हात फिरवला. बैलावरून फिरवायची तसाच.

"तुला काय वाटलं, मला ठाव नाय?" ती म्हणाली. "लेकीच्या बाळंतपणाहून आले तर दावण मोकळी आन् बांधाला एवढूसा ढिगारा. बैल पुरायला केवढा खड्डा लागतो, मला कळत नाय व्हय? आठ दिवसांनी वैरणीच्या माळ्यावर दावं घावलं. कापडात गुंडाळून ठेवलं हुतं. ह्यांचा देवावर इश्वास नाय, पर दाव्यावर हाय."

"मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं?"

"बोलले असते तर काय झालं असतं? दोन दिस भांडण, चार दिस अबोला. मग ह्यांनी हात जोडले असते, मी रडले असते, आन् मिटलं असतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला मिटवायचं नव्हतं."

मग तिनं सगळं सांगितलं. दावं तिनं त्याच खुंटीला टांगलं जिथं दाजी सदरा अडकवतात. रोज सकाळी सदरा काढताना ते हाताला लागतं. हे इथं कुणी टांगलं, असं दाजींनी आजवर विचारलेलं नाही. काढलेलंही नाही. आणि पोळ्याला ती पुरण घालते, ताट भरते, ताटावर झाकण घालून दाजींच्या हातात देते आणि म्हणते, व्हा म्होरं. दाजी बांधावर जातात, रिकाम्या मातीपुढं नैवेद्य ठेवतात, हात जोडून उभे राहतात. ताई मागं उभी असते. पाणी फिरवायचंही ती विसरू देत नाही. चिंच आता डोक्याच्या वर गेली आहे. तिला पाणी दाजीच घालतात.

"आन् तू आज समदं बोलून मोकळा होणार हुतास," ताई म्हणाली. "त्यांना बी मोकळं करून टाकणार हुतास. कबूल केलं की माणूस सुटतो, किसना."

मी कुंपणाच्या पाइपाला धरून उभा राहिलो. इतकी वर्षं मी स्वतःला डूख धरणारा समजत होतो. ताईपुढं मी म्हणजे नुसता आरडाओरडा.

"आणि दिवाळीला तो फोन?" मी विचारलं. "खुंटीसमोर?"

"तुझ्यासाठीच धरला हुता. एकटीला जड झालं हुतं रे."

परत आलो तेव्हा दाजी सतरंजीवर तसेच बसले होते, चहा न पिता. स्पीकर कधीच बंद पडला होता. मी त्यांना हात दिला, उठवलं, सदऱ्यावरची वाळू झटकली. गाडीत त्यांना पुढं बसवलं आणि एसी त्यांच्याकडे वळवला. वाटेत डायव्हर्जन लागलं, दुसरं लागलं, आम्ही बराच वेळ भरकटत होतो. दाजी एकदाच बोलले. "किसनराव, तुम्ही फार करता आमच्यासाठी." मी म्हटलं, "तुमचा हक्क आहे, दाजी."

पुढच्या वर्षी पाहुणे आले, फोटो काढले, गेले. माझे चाळीस उंट एकदाही बुजले नाहीत. ती गर्दी आता मला नीट आठवतसुद्धा नाही. वारं फिरलं की त्याच्या आधीचा हिवाळा आठवतो, उकरलेले रस्ते, स्पीकरचा तो फाटका आवाज, आणि काठापर्यंत भरलेला कप. लोक म्हणतात, जाऊ द्यावं, क्षमा करावी, आपल्यालाच हलकं वाटतं. करावी त्यांनी. मला हलकं व्हायचं नाही, पाखऱ्या चांगला जड बैल होता.

यंदाच्या पोळ्याला, दोन महिन्यांपूर्वी, मी अबू हमूरच्या बाजारात होतो तेव्हा ताईचा व्हिडिओ कॉल आला. आता दर पोळ्याला येतो. मी पिकअपमध्ये बसून काच वर केली. बांध दिसला, चिंच दिसली, तिच्या बुंध्याशी दाजी. पाठ वाकली आहे, हातात काठी आलेली आहे, सदरा मात्र कडक. त्यांनी ताट खाली ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले. मग फोनकडे बघितलं, आणि फोनमध्ये मी आहे हे त्यांना दिसलं. ते काहीतरी बोलणार होते. इतक्या वर्षांचं सगळं त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मला स्पष्ट दिसलं.

"दाजी," मी म्हटलं, "इथून नीट दिसत नाही. अजून थोडं वाका."

दाजींनी तोंड मिटलं. काठी बाजूला ठेवली, एक हात चिंचेच्या बुंध्याला लावला आणि कपाळ मातीला टेकेपर्यंत वाकले. ताईनं फोन जरासुद्धा हलू दिला नाही.